गॅमा किरणांचे स्फोट : एका पत्त्याचा शोध



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे त्या आपल्या सरांच्या वर्गात मी नववी ते अकरावी अशी तीन वर्षे होतो. त्यांच्याविषयी बोलण्यास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे या सभागृहात बसली आहेत. तरीही संयोजकांनी बोलावले तेव्हा मी नाही म्हटले नाही, कारण सरांचे एक पत्र माझ्याकडे उत्तराविना पडून आहे. पत्र म्हणजे पोस्टकार्डच, चारपाच ओळींचे. त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते, आणि ते हाती आले तेव्हा घ्यायला सर उरले नव्हते. आजचे व्याख्यान हे त्या पोस्टकार्डाचे लांबलेले उत्तर समजावे.

विषय आकाशातला आहे. पण त्याची सुरुवात आपल्या इंदूरच्या गिरणीच्या भोंग्यापासून करणे मला भाग आहे.

१९६३ च्या हिवाळ्यात सर आम्हांला भूगोल शिकवीत. त्या काळी गावात पहाटेपासून गिरण्यांचे भोंगे होत आणि जुन्या माणसांना ते कानाने ओळखता येत. आम्हां मुलांत मात्र सर्वांत आधी होणाऱ्या, घोगऱ्या आवाजाच्या भोंग्यावरून वाद होता. कोणी म्हणे तो हुकुमचंदचा, कोणी म्हणे मालवा मिलचा. सरांनी वाद मिटवला नाही. त्यांनी तीन मुलांना घरच्या मोठ्यांची घड्याळे मागून आणायला सांगितली, आकाशवाणीच्या वेळेशी ती जुळवून घेतली, आणि एकाला राजवाड्यापाशी, एकाला रामबागेत व एकाला तुकोगंजात उभे केले. भोंगा कानी पडेल तो क्षण सेकंदापर्यंत टिपायचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा दोघांच्या नोंदींत तीन सेकंदांचा फरक पडला, तर भोंगा एकापासून दुसऱ्यापेक्षा किलोमीटरभर अधिक दूर आहे. दोन मुलांच्या नोंदींवरून नकाशावर एक वक्र रेघ निघते. भोंगा त्या रेघेवर कोठेतरी आहे, एवढेच कळते. तिसऱ्या मुलाची नोंद आली की दुसरी रेघ निघते, आणि दोन्ही रेघा जेथे छेदतात तेथे भोंगा.

आमच्या रेघा एका शेतात छेदल्या. तेथे गिरणीच काय, झोपडीही नव्हती. आम्ही हिरमुसलो. सरांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक रेघ अंगठ्याएवढी जाड केली. घड्याळ सेकंदभर चुकणार, कान सेकंदभर चुकणार. मग एवढी बारीक रेघ काढण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे त्यांनी विचारले. जाड रेघांच्या छेदात दोन्ही गिरण्या बसल्या. वाद होता तेथेच राहिला. आता त्या गिरण्या नाहीत, भोंगेही नाहीत, पण पेन्सिलीने जाड केलेल्या त्या रेघा माझ्या डोळ्यांपुढून गेलेल्या नाहीत.

आम्ही भोंगा शोधत होतो त्याच सुमारास अमेरिकेने अवकाशात काही पहारेकरी उभे केले होते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी एक करार केला : वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करावयाच्या नाहीत. करार झाला म्हणून विश्वास थोडाच निर्माण होतो! उद्या कोणी अवकाशात दूर जाऊन, चंद्राच्या आड चोरून स्फोट केला तर? त्यासाठी १७ ऑक्टोबर १९६३ रोजी ‘वेला’ या नावाच्या उपग्रहांची पहिली जोडी सोडण्यात आली. पृथ्वीपासून लाख किलोमीटरहून अधिक उंचीवर ते फिरत. अणुस्फोटातून गॅमा किरण बाहेर पडतात. ते टिपणारी उपकरणे त्यांच्यावर होती.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण अत्यंत उच्च ऊर्जेचा; डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाहून त्याच्या कणाची ऊर्जा लाखपट आणि त्याहूनही अधिक. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते. ते तसे शोषते म्हणून आपण सुखरूप आहोत, आणि म्हणूनच हे किरण पाहावयाचे तर वातावरणाच्या वर जावे लागते.

२ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांच्या चौथ्या जोडीने गॅमा किरणांची एक लाट नोंदवली. लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे दोघे दोन उपग्रहांच्या नोंदी समोरासमोर ठेवून हाताने पडताळीत असत. ही नोंद त्यांच्या नजरेस पडली १९६९ मध्ये. अणुबाँबचा गॅमा प्रकाश क्षणार्धात चमकून जातो; हा प्रकाश काही सेकंद रेंगाळला होता आणि त्यात चढउतार होते. बाँब नव्हे, हे उघड होते. मग काय, हे सांगता येत नव्हते, कारण कोणत्या दिशेने हे ठरविण्याइतकी त्या जोडीची घड्याळे सूक्ष्म नव्हती.

पुढच्या उपग्रहांची, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या जोडीची घड्याळे सेकंदाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत नेमकी होती. त्यांच्या कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास प्रकाशाला पाऊण सेकंदाच्या आसपास लागे. तेव्हा कोणत्या उपग्रहाने आधी पाहिले आणि किती आधी, यावरून दिशा काढता आली. आमचा भोंग्याचाच हिशेब. घड्याळे बदलली आणि आवाजाच्या जागी प्रकाश आला. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या तीन वर्षांत असे १६ स्फोट सापडले. ते पृथ्वीवरचे नव्हते, सूर्याकडचेही नव्हते. क्लेबेसाडेल, इअन स्ट्राँग आणि ओल्सन यांनी जून १९७३ मध्ये ही वार्ता शोधनिबंधाच्या रूपाने जगापुढे मांडली. लष्कराने ती चार वर्षे दडपून ठेवली, ही कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. मीही ती वर्गात रंगवून सांगत असे. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे म्हणणे निराळे आहे : पहिल्या एका नोंदीवर विसंबण्यापेक्षा अधिक नोंदी हाती येईपर्यंत थांबणे त्यांना योग्य वाटले. मला आता त्यांचेच म्हणणे पटते.

निबंध प्रसिद्ध झाला आणि तर्कांना ऊत आला. ताऱ्यांवर धूमकेतू आदळतात येथपासून कृष्णविवरांपर्यंत, वीस वर्षांत शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या. एवढ्या उपपत्ती सुचू शकल्या त्याचे कारण एकच होते : अंतर ठाऊक नव्हते. एखादा दिवा अंधारात दिसला आणि तो किती दूर आहे हे कळले नाही, तर तो काजवा आहे की आगगाडीचा दिवा, हे सांगता येत नाही. जवळचा असेल तर काजव्याची ऊर्जा पुरते. गॅमा किरण स्फोटांच्या बाबतीत जवळ आणि दूर यांतील फरक काही पटींचा नव्हता. ऊर्जेच्या हिशेबात तो कोट्यवधी पटींचा, किंबहुना त्याहूनही मोठा होता.

अंतर कळण्यासाठी आधी नेमकी जागा कळायला हवी, म्हणजे तेथे साधी दुर्बीण रोखून काय आहे ते पाहता येईल. आणि अडचण नेमकी येथेच होती. गॅमा किरण भिंगाने एकवटत नाहीत आणि नेहमीच्या आरशावरून परतत नाहीत. ते आरपार निघून जातात. शिवाय हा पाहुणा काही सेकंदांत नाहीसा होतो, आणि आकाशाच्या कोणत्या भागात व केव्हा येईल याचा नेम नाही.

तेव्हा पाया लांबवणे हा एक उपाय. राजवाडा आणि रामबाग यांऐवजी राजवाडा आणि उज्जैन येथे मुले उभी केली, तर त्याच घड्याळांनी दिशा कितीतरी सूक्ष्म निघेल. १९७६ च्या जानेवारीत सूर्याभोवती फिरणाऱ्या ‘हेलिऑस-२’ यानावर असे एक उपकरण गेले. १९७८ मध्ये शुक्राकडे गेलेल्या अमेरिकन ‘पायोनियर व्हीनस’वर आणि सोव्हिएत ‘व्हेनेरा ११’ व ‘१२’ यांवरही उपकरणे होती. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला ५०० सेकंद लागतात. अशा अंतरांवर विखुरलेली याने म्हणजे लांबलचक पाया. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि युरोप यांच्या यानांच्या नोंदी एकत्र ठेवून रेघा काढल्या जात होत्या, याची दखल इतिहासाच्या पुस्तकांनी फारशी घेतलेली नाही.

५ मार्च १९७९ रोजी या सर्व यानांना एक विलक्षण धक्का बसला. पूर्वी कधीही नोंदला गेला नव्हता इतका प्रखर स्फोट. आणि त्यामागून जवळजवळ आठ सेकंदांच्या तालाने मंद होत जाणारे ठोके. असा नियमित ताल न्यूट्रॉन ताऱ्याच्या भ्रमणातूनच यावा. रेघा अतिशय बारीक निघाल्या, आणि त्यांचा छेद पडला तो मोठ्या मॅगेलनी मेघात, एन-४९ नावाच्या अतिनवताऱ्याच्या अवशेषावर. तो मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे दूर असलेली छोटी दीर्घिका.

पुढे जे घडले ते मला फार बोधक वाटते. पुष्कळांनी ठोके स्वीकारले आणि पत्ता नाकारला. इतक्या दूर असेल तर ऊर्जा अशक्य कोटीतली होते. तेव्हा अवशेषाशी जुळलेली जागा हा योगायोग समजावा, असे त्यांचे म्हणणे. स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांचे, ते आपल्याच आकाशगंगेतले आणि बहुधा जवळचे, अशी समजूत हळूहळू रुळली. आज आपल्याला माहीत आहे की तो पत्ता बरोबर होता. मात्र ५ मार्चचा तो स्फोट इतर स्फोटांच्या जातीचाच नव्हता. तो अतिप्रबळ चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा उद्रेक होता. म्हणजे खरा पत्ता खोटा ठरवला गेला, आणि एका निराळ्या जातीच्या प्राण्यावरून साऱ्या कळपाचे वर्णन केले गेले. १९८८ मध्ये ‘गिंगा’ या जपानी उपग्रहाने काही स्फोटांच्या वर्णपटात प्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याला शोभतील अशा रेषा पाहिल्याचे जाहीर झाले, तेव्हा तर शंकेला जागा उरली नाही असे वाटले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात या शाळेच्या स्नेहसंमेलनात माझे भाषण झाले. मी तोपर्यंत महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागून बरीच वर्षे झाली होती, आणि ठणकावून बोलण्याची सवय अंगात मुरली होती. गॅमा किरणांचे स्फोट आपल्या आकाशगंगेतील न्यूट्रॉन ताऱ्यांवर होतात, हे मी येथे, याच व्यासपीठावरून, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगितले. सर निवृत्त झालेले होते. पहिल्या रांगेत बसले होते. भाषणानंतर काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. भाषण आवडले, असे लिहून पुढे विचारले होते : हे स्फोट आपल्या आकाशगंगेतच होतात हे कोणी मोजले, कसे मोजले, आणि रेघ किती जाड होती? सवडीने कळव.

मी दोन रात्री बसून मिळतील तेवढी नियतकालिके चाळली. कोणीही मोजले नव्हते. एका स्फोटाचे अंतर जे निघत होते ते पुष्कळांना मान्य नव्हते, आणि उरलेल्या शेकडो स्फोटांपैकी एकाचेही अंतर कोणापाशी नव्हते. न्यूट्रॉन तारा हा तर्क होता. चांगला तर्क होता, पण तर्कच. हे सरांना लिहिण्याची मला लाज वाटली आणि मी पत्र टाळले.

एक माणूस मात्र तेव्हाही निराळे सांगत होता. प्रिन्स्टनचे पोलिश खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ मध्येच लिहिले होते की हे स्फोट विश्वाच्या दूरच्या भागांत, अब्जावधी प्रकाशवर्षांवर होत असावेत. ते मोजलेले नव्हते, हेही खरे. परंतु आकाशात स्फोट सर्व दिशांना सारखे पसरलेले दिसतात, या साध्या गोष्टीकडे त्यांचे बोट होते.

५ एप्रिल १९९१ रोजी ‘कॉम्प्टन’ ही गॅमा किरण वेधशाळा अवकाशात गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅटसे’ या उपकरणाचे आठ संवेदक बसवले होते. ज्या संवेदकावर अधिक किरण पडले त्या बाजूला स्फोट. ऊन कोणत्या गालाला लागते यावरून सूर्य कोठे आहे ते ओळखावे, तसेच हे. रेघ पुन्हा जाड, काही अंशांची. आकाशात चंद्र अर्धा अंश व्यापतो, यावरून कल्पना येईल. परंतु जेराल्ड फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाड रेघही पुरली, कारण त्यांचा प्रश्न एका स्फोटाचा नव्हता. साऱ्यांना अपेक्षा होती की मंद स्फोट आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले दिसतील. १९९२ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाला : कोठेही दाटी नाही, सर्व दिशा सारख्या. त्याचबरोबर मंद स्फोट अपेक्षेपेक्षा कमी. म्हणजे विस्ताराला कोठेतरी कड आहे, आणि त्या विस्ताराच्या मध्यावर आपण आहोत. आकाशगंगेत आपण मध्यावर नाही, हे तर ठाऊकच होते. गिंगाने सांगितलेल्या रेषाही बॅटसेला सापडल्या नाहीत. जून २००० पर्यंत या उपकरणाने २,७०४ स्फोट नोंदवले. चित्र बदलले नाही.

हे वाचले त्या दिवशी तरी मी सरांना लिहायला हवे होते. घरापासून त्यांचे घर सायकलने दहा मिनिटांवर होते.

तरीही वाद संपला नव्हता. २२ एप्रिल १९९५ रोजी वॉशिंग्टन येथे जाहीर वादसभा झाली. १९२० मध्ये शॅप्ली आणि कर्टिस यांच्यात विश्वाच्या विस्तारावर झालेल्या प्रसिद्ध वादाला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून ही सभा. पाचिन्स्की एका बाजूला. डोनाल्ड लॅम्ब दुसऱ्या बाजूला. मार्टिन रीस अध्यक्ष. लॅम्ब यांचे म्हणणे की आकाशगंगेतून वेगाने बाहेर फेकलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा एक प्रचंड घेर आपल्याभोवती आहे आणि स्फोट तेथले. तो युक्तिवाद हास्यास्पद नव्हता. आज निकाल ठाऊक असल्यामुळे आपल्याला तो तसा वाटतो, आणि इतिहास सांगणाऱ्याने या मोहापासून जपावे. एकही अंतर मोजलेले नसताना दोघेही प्रामाणिकपणे भांडत होते. निकाल कोणाच्याच बाजूने लागला नाही.

१९९६ च्या पावसाळ्यात सर गेले.

त्याच वर्षीच्या ३० एप्रिलला इटली आणि नेदरलँड्स यांचा एक उपग्रह सुटला होता. ज्युसेप्पे ओक्यालिनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या ‘बेप्पो’ या लाडक्या नावावरून त्याला ‘बेप्पोसॅक्स’ म्हणत. त्याची युक्ती समजण्यास सोपी आहे. रात्री रस्त्याने मोटार गेली की खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर सरकते. सावली कोठे पडली यावरून दिवा कोठे आहे ते कळते. बेप्पोसॅक्सच्या रुंद दृष्टीच्या क्ष-किरण कॅमेऱ्यांपुढे ठरावीक नक्षीची छिद्रे असलेला पडदा होता. क्ष-किरणांत पडलेल्या त्याच्या सावलीवरून जागा अंशाच्या विसाव्या भागापर्यंत निघे, आणि तीही काही तासांत. यानांच्या जाळ्याची रेघ बारीक असे, पण नोंदी जमून हिशेब होईपर्यंत दिवस किंवा आठवडे जात. बॅटसेची रेघ लगेच मिळे, पण जाड. बारीक आणि लगेच, अशी रेघ आजवर कोणाच्या हाती नव्हती.

२८ फेब्रुवारी १९९७. आपल्याकडे सकाळचे साडेआठ झाले असतील. त्या संध्याकाळी मी, देशातल्या इतर लाखो पगारदारांप्रमाणे, अर्थसंकल्पाचे भाषण ऐकत होतो. रोममध्ये एन्रिको कोस्टा आणि त्यांचे सहकारी उपग्रह वळवण्याच्या खटपटीत होते. स्फोटानंतर आठ तासांनी बेप्पोसॅक्सच्या अधिक सूक्ष्म दुर्बिणी त्या जागेकडे वळल्या आणि तेथे क्ष-किरणांची एक विझत चाललेली धग दिसली. ज्वाळा गेली तरी निखारा राहिला होता. नेदरलँड्सचे यान व्हान पॅराडाइस आणि त्यांचे तरुण विद्यार्थी यांनी ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीतून, स्फोटाला एकवीस तास होतात न होतात तोच त्या जागेचे छायाचित्र मिळवले. ८ मार्चला पुन्हा घेतले. पहिल्या चित्रात एक ठिपका होता. दुसऱ्यात तो नव्हता. ठिपक्याच्या जागी पुढे एक अंधुक, पसरट डाग दिसला, बहुधा दूरची दीर्घिका. बहुधा, कारण यावरही मतभेद झाले.

मतभेद मिटला ८ मे १९९७ च्या स्फोटाने. बेप्पोसॅक्सने जागा कळवली, ठिपका सापडला, आणि कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेच्या मार्क मेट्झगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला. त्यात लोह आणि मॅग्नेशियम यांच्या काळ्या शोषणरेषा होत्या, पण आपल्या जागेपासून तांबड्या टोकाकडे खूप सरकलेल्या. वाटेतल्या दीर्घिकेतील वायूने तो प्रकाश शोषला होता, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे त्या रेषा सरकल्या होत्या. ताम्रसृती निघाली ०.८३५. स्फोट त्या वायूच्या मागे असल्यामुळे तो याहून जवळ असू शकत नाही. आणि फार दूरच्या प्रकाशात ज्या हायड्रोजनच्या रेषा हमखास दिसतात त्या नसल्यामुळे तो २.३ च्या पलीकडेही नाही. तेथून निघालेला प्रकाश निदान सुमारे सात अब्ज वर्षे वाटेत होता. तो निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीच नव्हती.

कोणी मोजले, कसे मोजले, आणि रेघ किती जाड होती : पोस्टकार्डातील तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका शोधनिबंधात होते. रेघेची जाडीसुद्धा त्यांनी लिहिली होती. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो अंक माझ्या हाती आला तेव्हा, खरे सांगतो, पुढच्या तासाला मी वर्गात गेलो नाही.

त्या निबंधाच्या लेखकांत श्रीनिवास कुलकर्णी हे नाव आहे. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचे. डिसेंबर १९९७ च्या एका स्फोटाची ताम्रसृती त्यांच्या चमूने ३.४२ मोजली. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाच्या वेळी तर लॉस अलामोस येथेच, कॅमेऱ्याची साधी भिंगे लावलेल्या एका स्वयंचलित दुर्बिणीने स्फोट चालू असतानाच त्याचा दृश्य प्रकाश टिपला; छोट्या द्विनेत्रीतून दिसावा इतका तो तेजस्वी झाला होता. त्याची ऊर्जा सर्व दिशांना सारखी पसरली असे धरले, तर सूर्याचे अख्खे वस्तुमान उर्जेत रूपांतरित करूनही ती पुरी पडेना. म्हणजे १९७९ मध्ये ज्या कारणासाठी लोकांनी दूरचा पत्ता नाकारला होता ते कारण खोटे नव्हते. ऊर्जा खरोखरच अवाढव्य होती. आता पत्ता नाकारण्याची सोय राहिली नसल्यामुळे कल्पनेला वाकावे लागले. स्फोटाचा प्रकाश चोहोकडे न जाता कंदिलाऐवजी टॉर्चप्रमाणे अरुंद झोतात बाहेर पडतो, आणि झोत ज्यांच्याकडे असतो त्यांनाच तो दिसतो, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. दोन सेकंदांहून अधिक टिकणारे स्फोट हे बहुतांशी अतिप्रचंड तारे कोसळताना होतात, हे एप्रिल १९९८ आणि मार्च २००३ च्या स्फोटांबरोबर अतिनवतारे दिसल्याने ठरले. २० नोव्हेंबर २००४ रोजी सुटलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह गजांच्या सावलीची युक्ती अधिक मोठ्या प्रमाणावर वापरून जागा काढी आणि मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःच तिकडे वळे. पृथ्वीवरच्या दुर्बिणींना संदेश काही सेकंदांत पोचू लागला. १९ मार्च २००८ च्या एका स्फोटाचा प्रकाश अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. तो साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आला होता.

आपल्या देशाचे काम यात आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’वर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका आणि इतर संस्थांनी मिळून सिद्ध केलेले एक उपकरण होते. ६ ऑक्टोबरला ते सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला. पुढे या उपकरणाने एक गैरसमज दूर केला. ४ जानेवारी २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींची एक नोंद झाली. तिच्या संभाव्य क्षेत्रात हवाईच्या दुर्बिणींना एक विझणारा ठिपका आढळला आणि साहजिकच दोहोंचा संबंध जोडला जाऊ लागला. अॅस्ट्रोसॅटच्या नोंदींत वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की त्या लहरींनंतर सुमारे एकवीस तासांनी एक निराळाच गॅमा किरण स्फोट झाला होता, आणि तो ठिपका त्याचा निखारा होता. दोन पाहुणे एका घराच्या नावावर घातले जात होते. अशी दुरुस्ती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाही, पण सरांना ती नक्की आवडली असती.

राहता राहिले दोन सेकंदांहून कमी टिकणारे स्फोट. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी, अमेरिकेतील दोन ‘लायगो’ वेधशाळांना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी जाणवल्या, १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला छोटा गॅमा स्फोट दिसला. इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळेने जवळजवळ काहीच ऐकले नाही. आणि तिसऱ्या मुलाला ऐकू आले नाही, हीच मोलाची बातमी ठरली : स्रोत तिच्या बहिऱ्या दिशेला असणार. शोधक्षेत्र एवढे आक्रसले की अकरा तासांच्या आत चिलीमधील एका मीटरभर व्यासाच्या दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधून काढला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. न्यूट्रॉन तारे अखेर आले, पण १९८८ मध्ये मी सांगितले होते तसे नव्हे.

गुरुत्वीय लहरींना तर गजांची सावलीही पाडता येत नाही. तेथे दिशा काढण्याचा मुख्य मार्ग कोणाला आधी ऐकू आले, हाच. म्हणून जगाच्या या बाजूला आणखी एक कान हवा, आणि मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतील वेधशाळांपासून औंढ्यापर्यंतचा पाया पृथ्वीवर मिळू शकणाऱ्या लांब पायांपैकी आहे. इंदूरहून औंढा फार दूर नाही. ज्या मुलांना शक्य असेल त्यांना शाळेने ती जागा दाखवावी आणि जाताना गावाचा एक नकाशा व तीन घड्याळे बरोबर न्यावीत, अशी माझी संचालकांना विनंती आहे.

सरांनी सवडीने कळव असे लिहिले होते. मी फारच सवड घेतली. ते पोस्टकार्ड आज मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे.